आधी चष्मा

प्रिय ताई,

नाव माहीत नाही, म्हणून ताई. वयाने तुम्ही माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान असाल, पण त्या रात्रीनंतर तुम्हाला ‘अगं’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमच्या कोटावर नावाची पट्टी होती. ती वाचायला मला चांगले दोन तास मिळाले होते आणि मी ती वाचली नाही. डोळ्यांवर चष्मा होता, तरीही. तीन आठवडे झाले, रोज एकदा तरी यावरून स्वतःला बोल लावते.

तुमच्या विमान कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म भरला. सेवेला पाचपैकी किती गुण द्याल, असं त्यात विचारतात. पाच दिले. खाली दोन ओळींची जागा होती, तिथे ‘खूप मदत केली’ एवढंच मावलं. वाचून मलाच कसंतरी वाटलं. म्हणून हे पत्र, उघडं. तुम्हाला मराठी येतं की नाही ठाऊक नाही. आपण बोललो ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि मोडकंतोडकं होतं ते माझं. कुणी वाचून तुम्हाला सांगितलं तर सांगितलं.

ओळख पटावी म्हणून: मागच्या स्वच्छतागृहापाशी, तुमच्या गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या त्या चिमुकल्या स्वयंपाकघराच्या, पडद्याला लागून आडवी झालेली, पांढऱ्या केसांची, हिरवा स्वेटर घातलेली बाई म्हणजे मी.

मी पडले कशी, ते तुम्हाला त्या रात्री खरं सांगितलं नाही. लाज वाटली. आता सांगते.

मला रक्तदाबाची गोळी आहे, आणि ती अशी की लघवीला वारंवार जावं लागतं. म्हणून काउंटरवर कडेची सीट मागितली. समोरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, त्याचे वेगळे पैसे पडतील. मी म्हटलं, अहो, तब्येतीमुळे मागतेय. तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. तब्येत बरी नसेल तर डॉक्टरांचं पत्र लागेल, नाहीतर विमानात चढू देता येणार नाही, म्हणाल्या. झालं. मी एकदम ठणठणीत झाले! ‘नाही नाही, तसं काही नाही’ म्हणत मधल्या सीटचा बोर्डिंग पास घेऊन निघाले. विमानाने जाणाऱ्या किती म्हाताऱ्या माणसांच्या पोटात हीच भीती असते, हे त्या बाईंना माहीत नसावं. उतरवून ठेवतील, ही भीती. आजारापेक्षा ती जास्त सांभाळावी लागते.

कडेच्या सीटवर एक गृहस्थ होते. पहिल्यांदा मी उठले तेव्हा तेही उठले. दुसऱ्यांदा त्यांनी असा सुस्कारा सोडला की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा ते उठलेच नाहीत, गुडघे जरासे तिरके केले, एवढंच. त्यानंतर मी पाणी प्यायचं बंद केलं. तुम्ही ट्रॉली घेऊन दोनदा आलात, दोन्ही वेळा मी ‘नको’ म्हटलं. घसा सुकला होता तरी नको. एका माणसाच्या सुस्काऱ्यापायी साठी उलटलेल्या बाईने सहा तास घोटभर पाणी घेऊ नये, हा मूर्खपणा माझाच. पण सुस्कारा त्यांचा होता, तेही लिहून ठेवते.

मग रात्री दिवे मंद झाले, ते झोपले, आणि मी त्यांच्या गुडघ्यांवरून कशीबशी पाय टाकून बाहेर आले. स्वच्छतागृहापुढे दोघंजण होते. मी उभी राहिले. आधी कानात घूं घूं सुरू झालं. मग पाठीवरून गार घाम. मग कंदिलाची वात कुणी हळूहळू खाली करत न्यावी तसं सगळं बारीक होत गेलं. कशाला तरी धरायला हात पुढे केला, एवढं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी खाली होते आणि वर चेहरे नव्हते, नुसते रंग होते. माझा नंबर उणे नऊ आहे. चष्म्याशिवाय मला माझ्या हाताची बोटंही मोजता येत नाहीत. आणि खरं सांगू, चष्मा नसला की मला ऐकूही येत नाही. हसू नका. जाड भिंगांचा चष्मा असलेल्या कुणालाही विचारा. ओठ दिसले नाहीत की शब्द लागत नाहीत, कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही. कुणीतरी माझे पाय उचलून धरले होते. कुणी मोठ्याने नाव विचारत होतं. कुणी म्हणत होतं, हार्ट असेल. आणि त्यात एक आवाज मला स्वच्छ ओळखू आला, तो कडेच्या सीटचा: “आता उशीर होणार का?”

मी हात चेहऱ्याकडे नेत होते, डोळ्यांपाशी चाचपत होते. सगळ्यांना वाटलं, हिला श्वास लागलाय. कुणीतरी ऑक्सिजनचा मास्क तोंडावर लावला. मी तो ढकलला. पुन्हा लावला. पुन्हा ढकलला. ‘घाबरल्यात’, कुणीतरी म्हणालं. घाबरले होतेच. पण मास्कला नाही. त्या सगळ्या रंगांना.

तेव्हा तुम्ही खाली वाकलात. इतक्या जवळ, की रंगाला नाक आणि डोळे आले. आणि माझ्या नाकावर, दोन्ही बाजूंना जिथे चष्म्याचे वळ आहेत ना, तिथे बोट ठेवून विचारलंत, “चष्मा?”

ताई, चाळीस वर्षं मी ते वळ आरशात बघतेय. त्यांचा कुणाला उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

पुढचं मी नुसतं ऐकलं. तुम्ही कुणाला तरी बाजूला व्हायला सांगितलंत, ट्रॉलीच्या खणाखाली टॉर्चचा उजेड फिरला, काहीतरी प्लॅस्टिकचं घासत बाहेर आलं. मग तुम्ही त्यावर फुंकर मारलीत. गळ्यातल्या स्कार्फच्या टोकाने एक काच पुसलीत, मग दुसरी, मग उलटून दोन्ही आतल्या बाजूने. डावी काडी वाकली होती, ती हलकेच दाबून सरळ केलीत. माझ्या कानावर आलेली केसांची घामेजली बट बाजूला सारलीत, एका कानावर काडी अडकवलीत, मग दुसऱ्या. आणि म्हणालात, “आता मी दिसतेय का?”

दिसलात. कपाळावर आठी नव्हती. ओठांची लिपस्टिक अर्धी गेली होती, उजव्या गालावर उशीचा वळ होता. तुमची विश्रांतीची वेळ असणार, झोपेतून उठून आला होतात. मग तुम्ही मास्क हातात घेऊन मला दाखवलात, हा लावते म्हणालात, आणि मी लहान मुलीसारखी मान पुढे केली.

हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं असेल. पाय आधीच वर धरलेले होते, म्हणजे तातडीचं जे होतं ते चाललंच होतं, त्यात कुणाचा खोळंबा झाला नाही. पण त्या अर्ध्या मिनिटाआधी मी वाटेत पडलेली एक अडचण होते, आणि नंतर मी पुन्हा मी झाले. मदत करणारे तिथे बरेच होते, कुणाच्या मनात खोट नव्हती. पण बहुतेक वेळा आपल्या हातात काय आहे त्यावरून मदत ठरते. हातात मास्क आहे, तर मास्क. समोरच्याला काय हवंय ते आधी बघायचं, आणि ते शोधायला विमानाच्या फरशीवर पालथं व्हायचं, हे सगळ्यांना सुचत नाही. मलाही सुचलं नसतं.

पुढचं काय ते नियमाप्रमाणेच झालं असेल, ते मी लिहीत बसत नाही. डॉक्टर आहेत का म्हणून घोषणा झाली, तेव्हा एक तरुण पुढे आला आणि संकोचून म्हणाला, “मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, चालेल ना?” चालला की! स्टेथोस्कोप कानाला लावला, तोंड वाकडं केलं आणि काढून ठेवला. इंजिनांच्या घरघरीत काही ऐकूच येत नव्हतं. मग माझं मनगट धरून शांत बसला. त्याचेही आभार. त्याची बोटं गार होती आणि मनगटाला बरी वाटली.

घरी आल्यावर मुलाने माझी शिकवणी घेतली. उंचावर केबिनमधली हवा दाबाखाली ठेवतात, तरी तो दाब जमिनीइतका नसतो. समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरात बसावं तेवढाच असतो. म्हणजे ऑक्सिजन मुळात थोडा कमी. हवा वाळवंटासारखी कोरडी. तासन् तास बसून रक्त पायांत उतरलेलं. त्यात माझी गोळी, त्यात पाणी बंद, आणि मग एकदम उठून रांगेत उभं राहणं. ‘आई, तू पडली नसतीस तरच नवल होतं,’ म्हणाला. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच विमान कंपन्यांच्या नोंदी तपासून एक लेख आला होता, तोही त्याने वाचून दाखवला. साधारण ६०४ उड्डाणांमागे एकदा असं काहीतरी घडतं, आणि त्यात सगळ्यात जास्त, ३७ टक्क्यांच्या आसपास, माझ्यासारखी भोवळच असते. जवळजवळ निम्म्या वेळा प्रवाशांमधला कुणी डॉक्टर मदतीला येतो. विमान मध्येच कुठे उतरवायची वेळ सुमारे सात टक्के प्रसंगांतच येते.

म्हणजे कडेच्या सीटवाल्यांना उशीर होण्याची शक्यता तशी कमीच होती. झालाही नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. आहे.

राग आणखी एकीवर आहे, आणि तो जुना आहे. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका कंपनीच्या विमानात मला उलट्या सुरू झाल्या होत्या. बेल दाबली. बऱ्याच वेळाने जी आली, तिने दुसरी पिशवी दोन बोटांच्या चिमटीत धरून, हात लांब करून दिली, आणि आधीची भरलेली पिशवी माझ्याच हातात ठेवून गेली. उतरेपर्यंत ती मी मांडीवर धरून बसले होते. ती बाई वाईट होती असं नाही. तिला पन्नास कामं असतील. पण आजारापेक्षा मला आजही ती मांडीवरची कोमट पिशवी आठवते. तेव्हापासून विमानात कुणाला काही मागायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तेच यावेळी अंगाशी आलं.

आपल्या भाषेत तुमच्या कामाला हवाईसुंदरी असा एक जुना शब्द आहे. मला तो कधीच आवडला नाही. आता तर तोंडातही येत नाही. तुम्हाला कदाचित माहीत असेल, १९३० साली अमेरिकेत एलन चर्च नावाची पहिली बाई या कामावर लागली, ती शिकलेली परिचारिका होती. खरं तर तिला वैमानिक व्हायचं होतं, ते काही त्यांनी करू दिलं नाही. मग तिनेच सुचवलं की प्रवाशांची भीती घालवायला विमानात नर्स ठेवा. पहिल्या तुकडीतल्या आठही जणी नर्सच होत्या. सुंदरी वगैरे नंतर कुणीतरी चिकटवलेलं. गालावर उशीचा वळ घेऊन तुम्ही फरशीवर पालथ्या झाला होतात, ते मूळचं काम.

मग तुम्ही मला गॅलीतल्या तुमच्या घडीच्या खुर्चीवर बसवलंत आणि स्वतः एका डब्यावर टेकलात. साखर घातलेलं पाणी दिलंत, एकदम नको, घोट घोट, म्हणालात. ‘किती वेळ पाणी प्यायला नाहीत?’ असं विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले. तुम्हाला ते कळलं. काही बोलला नाहीत, नुसता ग्लास पुन्हा भरलात. मी परत जागेवर जायला निघाले तर तुम्ही आधी जाऊन आलात, आणि मी पोचेपर्यंत ते गृहस्थ माझ्या मधल्या सीटवर सरकलेले होते आणि कडेची सीट रिकामी होती. काय बोललात त्यांच्याशी, ते मला जन्मभर कळणार नाही. कळायला हवं होतं असं फार वाटतं.

आणि एवढं सगळं होऊन मी तुम्हाला धन्यवाद म्हटलंच नाही. माझ्या लक्षात आहे, मी फक्त सॉरी म्हणत होते. पडले म्हणून सॉरी, झोपमोड केली म्हणून सॉरी, स्कार्फ खराब झाला म्हणून सॉरी. उतरताना दारात तुम्ही हात जोडलेत, तेव्हाही माझ्या तोंडून सॉरीच निघालं. तुम्ही हसलात. व्हीलचेअर ढकलणारा घाईत होता.

तर ताई, धन्यवाद.

आणखी एक. कसलासा कागद भरून सही करायला तुम्ही मला तुमचं पेन दिलं होतंत, निळ्या शाईचं, टोकाला दातांनी चावलेलं. ते माझ्या पर्समध्ये राहिलं. हे पत्र आधी कागदावर त्यानेच लिहिलं. ते तुम्हाला परत करायचं आहे. टोपण मात्र सापडत नाहीये, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
हिरव्या स्वेटरवाली