शिबिरात चप्पलही काढायला सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागात मधुमेह तपासणी शिबिर झालं. बोटाला टोचून साखर पाहिली, रक्तदाब घेतला, गोळ्या दिल्या. माझी ८१ वर्षांची माय दीड तास रांगेत होती. पण चप्पल काढून पाय दाखवा, असं तिला कुणी म्हटलं नाही. तक्रार तेवढ्यासाठीच आहे.

पंधरा दिवसांनी तिला लातूरला दाखवलं. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी आपल्या तळहातावर नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) आपटला आणि त्याचा दांडा मायच्या पायाच्या अंगठ्यावर, हाडाला लागेल असा टेकवला. मायला डोळे मिटायला सांगितले होते. “आजी, घुमतंय का?”

“गार लागतंय बाई, लोखंड हाय. घुमत न्हाई.”

मग तोच काटा मनगटाच्या हाडावर ठेवला, तशी ती दचकून हसली. “हां, हितं भुंगा हाय!” डॉक्टरांनी काटा पुन्हा अंगठ्यावर ठेवला आणि मला माझं बोट त्या अंगठ्याखाली धरायला लावलं. तिच्या हाडातून येणारी थरथर माझ्या बोटाला स्वच्छ कळत होती. तिला नाही.

मी विज्ञानाचा शिक्षक होतो. नादकाटा वाजवून पाण्यात बुडवायचा आणि उडणारे शिंतोडे पोरांना दाखवायचे, हे मी २८ वर्षं केलं. सेकंदाला १२८ वेळा कंप पावणारा तसाच एक काटा माणसाच्या नसा तपासतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मिळेल ते वाचून काढलं.

आपल्या कातडीच्या खोल थरात एक मिलिमीटरच्या आसपास लांबीचे, कांद्यासारखे पापुद्रे असलेले दाणे असतात. इटलीच्या फिलिपो पाचिनी यांच्या नावानं ते ओळखले जातात. नुसता दाब पडून राहिला तर हे दाणे लगेच गप्प होतात, म्हणून पायातली चप्पल आपल्याला दिवसभर जाणवत नाही. थरथर मात्र ते अचूक पकडतात, सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनं असली तर सर्वांत चांगली. त्याहून संथ कंपनांसाठी कातडीत वरच्या बाजूला दुसरे दाणे असतात. बोअर चालू केल्यावर शेतकरी पाइपवर हात ठेवून मोटार चालली की नाही ते सांगतो, ते यांच्याच जोरावर. ही खबर जाड, वेगवान नसांमधून पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूत जाते. गारवा वेगळ्या, बारीक नसांमधून जातो. म्हणूनच मायला लोखंड गार लागलं, पण घुमलं नाही.

ही तीच माय आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून सगळं गाव झोपलेलं असताना, चारच्या सुमाराला ती पाणी प्यायला उठली होती. पायाखाली भुई घुमल्याबरोबर तिनं आम्हाला ओढून माळवदाखालून बाहेर काढलं. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. तिचे ते पाय आता मुके झालेत, हे मला सहन होत नाही.

कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब. साखर वाढली की बहुतेकदा त्यांची टोकं आधी बिघडतात. मायचं बी-१२ जीवनसत्त्वसुद्धा कमी निघालं. ती माळकरी, आणि दहा वर्षांपासून मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेते. दोन्हींमुळे बी-१२ कमी होऊ शकतं, आणि ते कमी पडलं की थरथर कळण्याची जाणीव लवकर जाते. आमच्याकडे घरोघरी माळकरी आहेत आणि साखरेच्या गोळ्याही घरोघरी आहेत. तळपायाची आग झाली की काश्याच्या वाटीनं तूप चोळतात आणि गप्प बसतात. बी-१२ची कमतरता वेळेत कळली तर तिच्यावर उपचार आहेत. मायचे सुरू झालेत.

आमची माणसं तुरीच्या धसकटांतून अनवाणी चालतात. बधिर पायात खुट घुसलेला संध्याकाळी रक्त दिसल्यावर कळतो. आमच्या गल्लीत एकाचा अंगठा असाच गेला. त्याचीही साखर दर महिन्याला मोजली जात होती.

काट्याला वीज लागत नाही, औषध लागत नाही. दोन्ही पायांना मिळून दोन मिनिटं पुरतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तो असावा, आणि प्रत्येक मधुमेह शिबिरात त्यानं पाय तपासले जावेत, एवढी मागणी आपल्या दैनिकातून आरोग्य खात्यापर्यंत पोहोचवावी. आमच्या केंद्रासाठी काटा मी घेऊन देतो. तो कसा धरायचा हे आशाताईंना आणि परिचारिकांना शिकवणारं माणूस खात्यानं पाठवावं.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. औसा, जि. लातूर