गडपायथ्याच्या गावांशी लेखी करार करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून ‘स्थानिकांचा सहभाग’ हे शब्द प्रत्येक बैठकीत कानावर पडतात आणि प्रत्यक्षात सरपंचांना व्यासपीठावर एक खुर्ची मिळते. कोणते काम गावाचे, कोणते पुरातत्त्व खात्याचे आणि कोणते कोणीच करायचे नाही, हे वर्षाच्या करारात लिहिलेले असावे.

गावाकडे द्यायची कामे साधी, पण वेळेला बांधलेली आहेत. मे महिन्यात तटातली पाणी जाण्याची भोके खुरप्याने मोकळी करायची. भोक बुजले की पाणी तटाच्या पोटातल्या भरावात मुरते, भिंत फुगते आणि ऐन आषाढात ढासळते. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, सांध्यांत उगवलेली पिंपळ-उंबराची रोपे काढायची. वीतभर असताना ती बोटांनी निघतात. मूळ आत शिरल्यावर ओढले तर चिरा निखळतो, नुसते वरून छाटले तर नवे फुटवे येतात. असे झाड दिसल्यास फोटो काढून जागा कळवायची, हात लावायचा नाही. वाढत्या भेगेवर खात्याने काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की बसवून तारीख टाकावी. ती तडकली का, हे दर पंधरवड्याला बघायला पुण्या-मुंबईहून माणूस येणार नाही. गावातला गुराखी रोज तिथूनच जातो.

गोंधळ होतो तो श्रमदानात. टाक्यातला गाळ पहारीने उकरून कड्यावरून ढकलून दिला जातो आणि त्याबरोबर खापरे, नाणी, तोफगोळे, म्हणजे त्या जागेचा सगळा पुरावा जातो. गाळ काढायचाच तर खात्याचा माणूस हजर असताना, थराथराने आणि चाळून. तोफेला ऑइलपेंट आणि शिल्पाला तारेचा ब्रश, हे प्रकारही उत्साहापोटीच घडतात. केंद्र संरक्षित स्मारकाची हानी केल्यास २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे बहुतेक तरुण मंडळांना ठाऊकच नसते.

दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरण्याची चूक मात्र ठेकेदारही करतात. सिमेंट घट्ट असल्याने आतला ओलावा सांध्यातून बाहेर पडत नाही, तो दगडातून वाट काढतो आणि क्षार साचून दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंटऐवजी वापरायचा कळीचा चुना भिजवून काही आठवडे मुरवणे, दरजा भरल्यावर पंधरवडाभर ओले गोणपाट ठेवणे, हे गावातल्या गवंड्यांना शिकवावे आणि निविदेतच त्यांच्या रोजंदारीची अट घालावी.

पैशाशिवाय हे टिकणार नाही. सातारच्या कास पठारावर आसपासच्या गावांची संयुक्त वनव्यवस्थापन समिती शुल्क घेते, पार्किंग आणि मार्गदर्शक सांभाळते. तिथल्या जाळीच्या कुंपणाने चराई थांबली आणि फुले कमी झाली, असा वादही झाला. म्हणजे समिती असली तरी तज्ज्ञ लागतोच. पण पैसा गावात राहतो, हे महत्त्वाचे. केंद्र संरक्षित किल्ल्याच्या तिकिटाची रक्कम दिल्लीच्या तिजोरीत जाते. निदान पार्किंग आणि प्लॅस्टिक बाटलीची अनामत (चढताना घ्यायची, बाटली खाली आणल्यावर परत द्यायची) यांचा हिशेब ग्रामपंचायतीकडे द्यावा. अनामतीचे स्टिकर सर्व वाटांवर एकच हवे. राजगडावर गुंजवणे गावाकडून चढणारा पाली दरवाज्याने दुसऱ्या बाजूला उतरतो. खाली पैसे परत मिळाले नाहीत, तर बाटली झुडपात जाते.

पन्हाळा आणि सिंधुदुर्ग यांचा प्रश्न वेगळा, कारण तिथे लोक गडावरच राहतात. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगीने, हा नियम ठीक आहे. पण गळके छप्पर दुरुस्त करायलाही परवानगी लागते आणि पाऊस कागदांसाठी थांबत नाही. हे अर्ज तालुक्याच्या ठिकाणी घ्यावेत, ते फेब्रुवारीत आले तर एप्रिलअखेर लेखी उत्तर द्यावे आणि नकार असल्यास कोणते साहित्य चालेल, हेही त्यातच सांगावे.

आपले,
दुर्गसंवर्धनाचे काम करणारे काही वाचक, पुणे