‘शोधत बसू नका’

वायरिंगवाले दादा, नमस्कार.

तुमचं नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून घेत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचेत. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या कितीतरी गाड्यांची वायरिंगपायी हीच रड असते, त्यांच्याही हे कामी येईल.

आमच्या गाडीतही डिझेल इंजिन बसवलं. बसवणाऱ्यांना दोष नाही. माउंटिंग, गिअरबॉक्सची लाइन, सायलेन्सर, सगळं चोख होतं. खेळखंडोबा झाला तो नंतर. पहिल्या इलेक्ट्रिशियनने मीटर बोर्डाकडे बघूनच निकाल दिला, ‘मीटर गेलाय.’ दुसऱ्याने नवा मीटर घातला, आणि नव्या मीटरचे काटेही जुन्यासारखेच नाचायला लागले. हेडलाइट लावली की टेम्परेचर चढायचं, बंद केली की उतरायचं. दोघांपैकी एकानेही मल्टिमीटर पेटीतून बाहेर काढला नव्हता.

तुम्ही मीटर बोर्डाला हातच लावला नाहीत. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे करंट मिळाला तरच इंजिनला डिझेल सोडणाऱ्या झडपेची, वायर काढलीत, मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या ब्लॉकला, आणि म्हणालात, ‘मारा सेल्फ.’ १.४ व्होल्ट! तिथे ०.२, फार तर ०.३ यायला हवेत. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, आणि इंजिनातला करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जुनी अर्थ पट्टी ज्या ब्रॅकेटला होती तो ब्रॅकेट पेट्रोल इंजिनाबरोबर भंगारात गेलेला. डिझेलच्या सेल्फचा काहीशे अँपिअरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढत होता. केबलचं आवरण का वितळलं, याचं उत्तर तेव्हा मिळालं. ३५ चौरस मिलिमीटरची विणलेली पट्टी, दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा, आणि मीटर बोर्डाला स्वतःची वेगळी अर्थ वायर. निम्मे काटे तिथेच शांत झाले.

मग चालू होण्याचं दुखणं. सेल्फ फिरायचा, इंजिन धरायचं नाही, आणि चावी सोडताक्षणी एखादवेळी धरायचं. स्टॉप सोलेनॉइडला सप्लाय ब्लोअरच्या फ्यूजवरून दिलेला, आणि सेल्फ मारताना चावी नेमका तोच सप्लाय तोडते. म्हणजे इंजिन फिरतंय तेव्हा डिझेल बंद. योग्य वायर तर इंजिनशेजारीच टेप गुंडाळून लोंबकळत होती: पेट्रोल इंजिनाला ठिणगी देणाऱ्या जुन्या इग्निशन कॉइलची प्लस. ती ऑनलाही जिवंत असते आणि सेल्फ मारतानाही. तिच्यात बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट आवरणारा रोध) असला तर लोड टाकल्यावर व्होल्टेज पडतं, म्हणून तुम्ही आधी बल्ब लावून मोजलंत, पूर्ण १२ मिळाल्यावरच जोडलीत.

चावी बंद केल्यावरही इंजिन काही सेकंद चालत राहायचं, तेव्हा चार्जिंगचा दिवा मंद पेटलेला असायचा. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा करंट त्या दिव्यातून उलटा येऊन सोलेनॉइड धरून ठेवत होता. दिव्याच्या वायरीत करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे, आणि काम खलास. दिवा ३ वॅटचा साधा बल्बच ठेवा, नुसता एलईडी नको, हे तुम्ही दोनदा बजावलंत. एलईडीतून पुरेसा करंट जात नाही, अल्टरनेटर रेस दिल्याशिवाय जागा होत नाही, आणि तोवर आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटाही मेलेला.

आरपीएम मीटरची तर गंमतच होती. पेट्रोलचा मीटर कॉइलच्या मायनसवरून चालतो, चार सिलिंडरला एका फेरीत २ पल्स. डिझेलला कॉइलच नाही, म्हणून सिग्नल अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घ्यायचा. १२ पोलचा अल्टरनेटर एका फेरीत ६ पल्स देतो, पुलीचं प्रमाण २.५ असेल, म्हणजे इंजिनच्या एका फेरीत अल्टरनेटरच्या अडीच, तर इंजिनच्या एका फेरीला १५ होतात. पेट्रोलच्या मीटरने तो सिग्नल घेतलाच, तर ८०० चं आयडलिंग ६००० दिसणार. तुम्ही सेटिंग असलेला डिझेलचा मीटर लावलात, आणि पुलीचं गणितही प्रमाण मानलं नाहीत. क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल मीटरने खरा आरपीएम पाहिलात आणि काटा त्याला जुळवलात.

टेम्परेचरचं उत्तर साधं निघालं. नव्या इंजिनाचा सेंडर, म्हणजे पाण्याचं तापमान काट्याला कळवणारा भाग, आणि पेट्रोल गाडीचा गेज यांचे ओहम जुळत नव्हते. जुनाच सेंडर पितळी बुश लावून नव्या इंजिनात बसवलात, त्याचं टोक पाण्याच्या प्रवाहात बुडतंय हे बघून. आट्यांना टेफ्लॉन टेप लावू दिली नाहीत, एका वायरीच्या सेंडरला आट्यांतूनच अर्थ मिळते. ऑइलच्या गेजला आधीच्यांनी दिव्याचा स्विच जोडला होता, मग काटा या टोकाला नाहीतर त्या टोकाला. टी-जोड लावून तिथे सेंडर आणि स्विच दोन्ही बसले. थंड इंजिन तापवणाऱ्या हीटर प्लगना ७० अँपिअरचा रिले आला, त्यांचा मोठा करंट आता चावीतून जात नाही आणि चावीच्या कॉन्टॅक्टचं जळणं थांबलं.

हे सगळं कसबाचं काम, त्याचे पैसे तुम्ही घेतलेत आणि ते वाजवी होते. पत्र लिहायला बसवलं ते वेगळ्याच गोष्टीने. काम संपल्यावर तुम्ही प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी स्लीव्ह चढवून तिच्यावर पेनने नावं लिहिलीत. मेलेल्या वायरीलासुद्धा. कॉइलकडून जुन्या आरपीएम मीटरकडे जाणारी निळी वायर आता कशालाच जोडलेली नाही. तिची टोकं दुमडून हीट श्रिंकमध्ये (तापवली की आवळणाऱ्या नळीत) बंद केलीत आणि वर लिहिलंत, ‘जुनी आरपीएम. दोन्ही टोकं मोकळी. शोधत बसू नका.’

कोणासाठी लिहिलंत हे? तुम्हाला ती वायर तोंडपाठ, आम्ही डॅशबोर्ड उघडणार नाही. कधीतरी कुठेतरी टॉर्च तोंडात धरून उताणा पडलेला कोणी इलेक्ट्रिशियन, ज्याला तुम्ही बघणारही नाही, त्याचा अर्धा दिवस तुम्ही वाचवून ठेवलात. आधीच्या दोघांनी तुमच्यासाठी काय ठेवलं होतं? नुसत्या पिळलेल्या वायरी आणि तेलाने सुटलेली काळी टेप. तुम्ही त्यांना एक शब्दही लावला नाहीत, टेपचा गोळा डब्यात टाकलात. हाताने काम करणाऱ्यांत असा सभ्यपणा आजही आहे, फक्त तो बोलून दाखवत नाही, म्हणून नजरेतून सुटतो.

डिझेलचा काटा अजून पाव टाकी असताना रिकामी दाखवतो. तुम्ही म्हणालात तसं, टाकी उतरेल तेव्हा फ्लोटचा दांडा जरा वाकवून बघू. तोवर अंदाजाने भरतोय.

आपला,
एक गाडीवाला