बाटली भरलेलीच घरी येते, त्याचं काय?

संपादक,
सप्रेम नमस्कार.

21 जूनला शाळांचे योगाचे फोटो तुमच्याकडे पानभर येतात, छान असतात, मी पण बघते. पण शाळेतल्या मुलांच्या तब्येतीचा विषय निघाला की योगा, डबा, मोबाईल आणि फार तर दप्तराचं ओझं, एवढ्यावर बोलणं संपतं. आपल्या शाळांमधल्या कितीतरी मुली दिवसभर लघवीला जातच नाहीत यावर कोणी बोलत नाही. कृपया हे वाक्य कापू नका, पत्र त्यासाठीच लिहितेय.

मी सिंहगड रोडच्या बाजूला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले की युरिन रुटीन (लघवीची साधी तपासणी) आणि कल्चरला (त्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) शाळकरी मुलींची सॅम्पल यायला लागतात, पस सेल्स म्हणजे संसर्ग दाखवणाऱ्या पेशी वाढलेल्या, कल्चरमध्ये बहुतेक वेळा ई. कोलाय, हे आतड्यातले जंतू. आई म्हणते बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल हिने. मी मुलीला विचारते, शाळेत बाथरूमला जातेस का गं, तर ती आधी आईकडे बघते आणि मग नाही म्हणून मान हलवते. का नाही, तर घाण असतं, कडी तुटलीय, नळाला पाणी नाही, किंवा तासाला विचारलं की मॅडम म्हणतात आत्ताच तर सुट्टी झाली ना. मग पोरींनी आपला उपाय काढलाय, पाणीच प्यायचं नाही. बाटली सकाळी भरून जाते आणि संध्याकाळी तशीच घरी येते.

यात होतं काय, तर मुलींचा मूत्रमार्ग मुळात आखूड असतो, जंतू वर चढायला वेळ लागत नाही, आणि लघवी तासन् तास तुंबून राहिली की त्यांना वाढायला आयती जागा मिळते. पाणी कमी म्हणून बद्धकोष्ठ होतं, बद्धकोष्ठाने मूत्राशयावर दाब येतो, तेही नीट रिकामं होत नाही, म्हणजे एकातून दुसरं. त्यात शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी, ती मिळायलाच हवी, कारण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी निघालंय, पण लोहाने बद्धकोष्ठ वाढू शकतं, म्हणून आधीच पोट साफ नसलेल्या मुलीला ती गोळी नकोशी होते आणि मग ती दप्तरातच राहते. आणि पाळी सुरू झालेल्या मुलींचं तर काय सांगू, काहींना तर आता पाचवी-सहावीतच सुरू होते, बाथरूममध्ये साधी झाकणाची बादली नसते, पॅड बदलायचं कुठे आणि टाकायचं कुठे. काही ठिकाणी नॅपकिनचं मशीन भिंतीला लावलंय पण ते बंद.

नियम नाहीत असं अजिबात नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेत, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये सहा महिन्यांची मुदत दिली होती, 2014 मध्ये स्वच्छ विद्यालय मोहीम आली. 2020 ला आयुष्मान भारतमध्ये शाळेसाठी हेल्थ अँड वेलनेसचा कार्यक्रम आला, प्रत्येक शाळेत दोन शिक्षक त्यासाठी तयार करायचे, 11 विषय, त्यात स्वच्छता पण आहे. म्हणजे वर्गात हात धुण्यावर तास होणार आणि बेसिनला साबण नसणार.

मी शिक्षकांना दोष देत नाहीये, बाई शिक्षिकांचेही हेच हाल असतात, फक्त त्यांच्या बाथरूमला कुलूप असतं म्हणून ते जरा बरं राहतं. खरी अडचण झाडायला-धुवायला माणूस नाही ही आहे. डिसेंबर 2020 मध्ये अनुदानित शाळांची शिपायाची पदं भरणं थांबवून त्याऐवजी ठोक भत्ता द्यायचं सरकारने ठरवलं. पुण्यात, विशेषतः पेठांमध्ये, एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशनं चालतात, सकाळची पोरं सुटतात आणि दुपारची आत येतात, मधल्या वेळात बाथरूम धुतंय कोण? एक मावशी, तिलाच घंटा द्यायची, तिलाच पाणी भरायचं.

पाण्यावरून आठवलं. जानेवारी 2025 मध्ये आमच्या भागात, किरकटवाडी, नांदोशी, धायरीकडे जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) पेशंट वाढले आणि पाण्यावर संशय आला तेव्हा सगळ्या सोसायट्यांनी टाक्या धुतल्या, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची तपासणी) हा शब्द वॉचमनलाही पाठ झाला. आता परत सगळं शांत. शाळेच्या टाकीची ओटी टेस्ट रोज करायला दोन मिनिटं लागतात, आठवी-नववीच्या विज्ञानाच्या मुलांकडूनसुद्धा करून घेता येईल आणि रीडिंग नोटीस बोर्डावर लिहिता येईल.

केरळने 2019 मध्ये पाणी प्यायची बेल सुरू केली, इथेही व्हावी असं वाटतं, पण आधी कडी, नळ आणि दोन अधिवेशनांच्या मध्ये धुणारा माणूस, नाहीतर बेल वाजेल आणि पोरी बाटली नुसती तोंडाला लावून ठेवतील. अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांत व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असायला लागतात, त्या सह्या करायला जातात तेव्हा एकदा मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन या म्हणावं. खासगी शाळांत तर फी भरून पालक गप्प बसतात याचं मला जास्त नवल वाटतं. आता अ‍ॅडमिशनची टूर असेल तेव्हा एसी वर्ग आणि स्विमिंग पूल दाखवतीलच, तुम्ही दुसऱ्या मजल्यावरचं मुलींचं बाथरूम दाखवा म्हणा, आणि वेळ मधल्या सुट्टीनंतरची मागा, सकाळची नको.

एक वाचक, धायरी, पुणे