पेटीचे पंखे : ‘२ नग’ एवढेच?

संपादक महोदय,

आमच्या गावच्या अभ्यासिकेत भिंतीवर इंटरनेटची लोखंडी पेटी आहे. आत इंटरनेट वाटून देणारा स्विच, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, छोटा यूपीएस. वरच्या पत्र्यावर २३० व्होल्टचे दोन पंखे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोट्टी नेमकी पेटीखाली बसतात. घरघर इतकी, की गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी पंख्यांची पिनच काढून टाकली. मे महिन्यात पारा ४६ वर गेला आणि रेकॉर्डर जळाला. खापर अर्थातच पोरांवर फुटले. मी तीस वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. पेटी उघडायला मलाच बोलावले, म्हणून हे पत्र.

पेटीत हवा शिरायला वाटच नव्हती. केबलचे एक भोक, तेही फोमने बुजवलेले. म्हणजे पिन लावून ठेवली असती तरी पंखे नुसते ओरडलेच असते! कूलर लावून खिडकी बंद ठेवली तर काय होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते.

हिशेब सोपा आहे. आतले सामान जितके वॅट खाते त्याला ३.२ ने गुणा आणि खोलीपेक्षा जितके अंश जास्त चालतील त्याने भागा. तासाला किती घनमीटर हवा लागेल ते निघते. आमचे १५० वॅट, सूट १० अंशांची. म्हणजे ४८ घनमीटर, दुकानदाराच्या भाषेत २८ सीएफएम (मिनिटाला घनफूट). पण पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला. जाळी, फिल्टर लागले की तो निम्म्यावरही येतो, म्हणून मी दुप्पट धरतो. आणि खोलीच ४२ वर असेल तर आत ५२ होणारच. पंखा म्हणजे एसी नव्हे.

आवाजाची गंमत वेगळी. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा जोडला तर फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे एका पळणाऱ्या पंख्याऐवजी दोन संथ पंखे लावा. हवा तेवढीच, कान शांत.

मी खालच्या पत्र्यात फिल्टरसकट वीतभर जाळी बसवली, वर १२ व्होल्टचे, मिनिटाला १२०० फेऱ्यांचे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे लावले. बॉल बेअरिंगचेच घेतले. बुशवाला (छऱ्यांऐवजी तेल दिलेल्या साध्या नळीत दांडा फिरतो तो) पंखा नवा असताना जास्त शांत वाटतो खरा, पण आमच्या उन्हात तेल वाळले की खडखडायला लागतो. फिल्टर मात्र कापसाच्या हंगामात दर पंधरवड्याला झटकावा लागतो. जवळच जिनिंग आहे. यंदा जानेवारीत महिनाभर विसरलो, तर फिल्टरवर रुईचा असा थर बसला होता की गोधडीच्या अस्तरासारखा अख्खा सोलून निघाला.

माझी मागणी एका ओळीची आहे. अशा पेटीच्या अंदाजपत्रकात फिल्टरसकट सीएफएम, एक मीटरवरचे डेसिबल आणि बेअरिंगचा प्रकार लिहा; हवा आत यायची जागाही दाखवा. शाळेभोवतीच्या शांतता क्षेत्राला दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे, पण वर्गातल्या पेटीला कोणी विचारत नाही.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या अभ्यासिकेचे अंदाजपत्रक पाहायला मिळाले. त्यात लिहिले आहे : ‘कूलिंग फॅन – २ नग’.

– एक रेडिओ-टीव्ही मेकॅनिक, ता. आर्वी, जि. वर्धा