राडारोडा कुठे गेला?

सातारा, शनिवार रात्र

प्रिय बाळ्या,

एवढे महिने पत्र नाही म्हणून शिव्या दे, पण सगळं वाचून झाल्यावर दे. इकडे ठीक. माझं पित्त आणि आईचे गुडघे आपापल्या जागी आहेत.

तुमचा वाडा पाडला. काकूंनी फोनवर 'सुटलो एकदाचे' एवढंच सांगितलं असणार. मी तिथंच होतो. पोकलेनचा पहिला दणका बसला तेव्हा आण्णांनी तोंड फिरवलं, आणि मी, लेका, भिंत फुटते कशी ते बघत होतो. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. बायको आधीच मला अर्धवट समजते.

आपल्या छोट्या शिपायांच्या युद्धखेळाचा डाव आहे डिसेंबरात, त्यासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडचं टेबल, म्हणजे पडक्या रशियन शहराचा देखावा, करतोय. रशियन शिपायांनी लढवलेल्या त्या पावलोवच्या घराजवळची लाल विटांची गिरणी सगळेच करतात (युद्धानंतर मुद्दाम तशीच पडकी ठेवलीय, फोटो ढिगानं मिळतात), म्हणून मी गल्लीतलं साधं राहतं घर घेतलं. शिपाई 28 मिलिमीटरचे, म्हणजे एक वीट जेमतेम साडेचार मिलिमीटर. फोमवर रिकाम्या बॉलपेननं विटा कोरून बोटाला घट्टा पडलाय. थर्माकोल सोडला. त्यावर डब्यातला स्प्रे मारला की थर्माकोलच विरघळतो. तोफ न डागता पडझड!

घर झालं, आणि तुझं जुनं टुमणं आठवलं: राडारोडा कुठे गेला? दिवाळीच्या किल्ल्याचा बुरूज मी फोडला तेव्हाही तू हेच विचारलंस. मी म्हटलं, मावळ्यांनी उचलून नेला. तू दोन दिवस बोलला नाहीस. फुटक्या बुरुजावरून अबोला धरणारा तूच.

पण वाड्यात बघितलं ना. भार सगळा लाकडी खांब-तुळयांवर. पांढऱ्या मातीच्या भिंती भसाभस खाली आल्या, सांगाडा मात्र उभा. स्टालिनग्राडात उलटं. तिथं भार विटांच्या भिंतींवर. 23 ऑगस्ट 1942 च्या बॉम्बफेकीनंतर शहर पेटलं, तेव्हा अशा घरांतली लाकडी तक्तपोशी जळून कोसळली आणि बाहेरच्या भिंती रिकाम्या खोक्यासारख्या राहिल्या. म्हणजे चारी मजल्यांचा चुरा तळमजल्यात. प्रामाणिकपणे करायचं तर खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत ढीग हवा. मग 25 मिलिमीटरच्या चकतीवरचा शिपाई उभा कुठे करायचा? तो कलंडणार, आणि समोरचा म्हणणार पडला म्हणजे मेला. आपण सगळे कोपऱ्यात अर्धा मजला लोंबकळत ठेवतो तो मशीनगनवाल्याच्या सोयीसाठी, हे तूही जाणतोस. इतकी वर्षं वाद घालताना हे सोयीस्कर विसरायचास.

तर ढीग चढवलाय, पण बाहेरच्या बाजूनं, आणि आत दोन सपाट जागा ठेवल्यात. तडेही नीट काढलेत, एका खिडकीच्या कोपऱ्यातून दुसरीच्या कोपऱ्यात. तुला पटणार नाही. नको पटू दे.

खरी गोची पुढेच. तुमच्या स्वयंपाकघराची भिंत खुंटीपाशी फुटली तिथं थर दिसत होते: चुना, त्यावर नीळ घातलेला चुना, मग पिस्ता डिस्टेंपर, वर काकूंची ती भयाण ऑईलपेंटची पट्टी. रशियन घराच्या दुसऱ्या मजल्यावर माझ्या हातानं पिस्ताच लागला. वर फाटक्या काठाला चुन्याची रेघही ओढली. आता दर रविवारी जर्मन तुमच्या स्वयंपाकघरात शिरणार, आणि मी फासे टाकत 'आग लागली' म्हणणार. हसू येतं, आणि मग येत नाही.

शिवाय तिथून विटेचा एक तुकडा आणलाय. आईला वाटलं आठवण म्हणून आणला, देवघराजवळ ठेवलाय तिनं. मी आणला कुटायला! कुटून चाळून फेविकॉलवर भुरभुरला तर ढिगाला जो रंग येईल तो विकतच्या कुठल्याच बाटलीत नाही. पण खलबत्त्यात घालायला हात होईना. वाडा तुमचा, तेव्हा तूच सांग. कुटू का?

घर घेतलंस, अभिनंदन. चिनूचा दाखला झाला का? वहिनींच्या नोकरीचं कळव. आणि नॉटिंगहॅममध्ये, असले शिपाई बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या गावात राहून 'वेळ नाही' म्हणतोस, तुझ्यासारखा करंटा तूच.

उत्तर फोनवर दिलंस तरी चालेल, पण महिनाअखेरीच्या आत दे, ढिगाला अजून रंग द्यायचाय. येताना बारीक ब्रश आण. स्प्रे नको, विमानात चढू देत नाहीत.

तुझा,
पिंट्या