बाबा, यंदाचा पास काढा

लाटागुडी, 22 नोव्हेंबर

ती. आई-बाबा यांना,
सा. नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई मधेच तोडते, म्हणून लिहितेच आहे. नऊ दिवस झाले. तब्येत उत्तम, फक्त पहिल्या दिवशी कर्सियांगच्या वळणांवर पोटातलं सगळं बाहेर आलं. ड्रायव्हरने न बोलता पिशवी पुढे केली. त्याला सवय असावी.

बाबा, आधी तुमचं. दार्जिलिंगची गाडी नेरळसारखीच दोन फुटी रुळांची. फक्त तुमच्या माथेरानच्या गाडीहून 26 वर्षांनी थोरली, 1881 सालची. रूळ बाजारातून जातात, म्हणजे अगदी दुकानाच्या पायरीला लागून. गाडी गेली की माणसं परत रुळावर उभी राहून गप्पा मारतात. तिनधारियाला यांचं वर्कशॉप आहे. त्याच्या आसपास डोंगर इतका उभा की वळण घ्यायला जागाच नाही. म्हणून गाडी पुढे जाते, थांबते, मग उलटी मागे ढकलत वर चढते, पुन्हा थांबते आणि पुढे निघते. मी रस्त्यावरून ते रूळ बघत उभी होते आणि तुम्ही असता तर कंबरेवर हात ठेवून काय म्हणाला असता ते ऐकू येत होतं.

वाफेच्या इंजिनाच्या गाडीत बसले ती दार्जिलिंग ते घूम. तिकीट दीड हजाराच्या घरात, आईला सांगू नका. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक माणूस बसलेला. चाक घसरायला लागलं की मूठभर वाळू रुळावर सोडायची, एवढंच त्याचं काम. हाताने! डब्यातले सगळे कांचनजंगा बघत होते, मी त्या माणसाची मूठ. खाली उतरल्यावर त्याला म्हटलं, माझे वडील अशाच गाडीच्या शेडमध्ये फिटर होते. त्याने विचारलं, "कोणतं इंजिन?" मला सांगता येईना. कळवा, लाज गेली माझी.

आई, आता चहा. कर्सियांगच्या एका मळ्यात कारखाना दाखवतात. खुडलेली पानं लांबलचक जाळीवर पसरून खालून वारा सोडतात, रात्रभर. सकाळी पान मऊ पडतं, चुरगळलं तरी तुटत नाही. मग ते वळतात, थोडा वेळ तसंच ठेवून तांबूस होऊ देतात, मग भट्टीत सुकवतात. त्या हॉलमध्ये ओल्या गवताचा आणि कच्च्या सफरचंदाचा मिळून वास येतो. चार किलोच्या वर पाला घातला तर किलोभर चहा हाती येतो. आणि तो चहा दूध न घालता प्यायचा. मी सवयीने दूध मागितलं, तर ओतणाऱ्या बाईने अशी नजर टाकली जशी तू पुरणपोळीवर सॉस मागणाऱ्याकडे टाकशील. खरं सांगू? पहिला घोट मला कोमट पाण्यासारखा लागला. तिसऱ्या कपाला कळायला लागलं. तुझ्या डब्यातली गोळी पावडर निराळी. ती सपाटीवरची, बहुतेक आसामची नाहीतर इथली डुअर्सची, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या पट्ट्यातली, दातेरी रोलरांत चिरडून केलेली. म्हणून उकळून उकळून दूध घातलं तरी ती दाद देत नाही.

मळ्यात बायका कपाळावर पट्टा अडकवून पाठीवर टोपली घेतात. दोन पानं आणि एक कळी, तेवढंच खुडायचं, तेही उभ्या उतारावर. एकीचा अंगठा बघितला, काळा पडून चिरलेला. दिवसाची हजेरी अडीचशे रुपये, म्हणाली. कारखान्याच्या दुकानात शंभर ग्रॅमचं पाकीट त्याहून महाग होतं. मी ते घेतलं, पण घेताना हात जरा अडखळला.

काल लाटागुडीला उतरले. इथे भात पिकलंय आणि ते हत्तींनाही ठाऊक आहे. आम्ही राहतो त्या घराच्या मागे शेतात बांबूचं माचाण आहे. रात्री अकराला आरडाओरडा, पत्रे बडवल्याचा आवाज, मग फटाके. घरमालकीण दिदी शांतपणे भांडी घासत होती. म्हणाली, आले असतील, जातील. सकाळी बांधावर पाऊल दिसलं, आपल्या परातीएवढं, आत पाणी साचलेलं. मला दोडामार्गचा मामा आठवला. बागेत हत्ती शिरले तेव्हा त्याने फोनवर तुला फक्त एवढंच सांगितलं होतं, "माड गेले गं." दिदीला ते सांगितलं तर तिने भांडं खाली ठेवून विचारलं, "तुमच्याकडेही?"

गोरुमाराच्या जंगलात जीपमधून मनोऱ्यापर्यंत नेतात. खाली गेंडा मीठ चाटायला आला होता. गवे तर राधानगरीसारखेच.

तर मुद्दा. बाबा, रिटायर झाल्यापासून तुमचा रेल्वेचा पास दरवर्षी वाया जातो. "आता कशाला" हे मी ऐकणार नाही, सगळं स्वतः फिरून तपासलंय. टायगर हिलची पहाटेची सूर्योदयाची गर्दी तुमच्यासाठी नाही. दार्जिलिंगमध्ये एकच रात्र, कारण पायऱ्या फार आणि आईचे गुडघे. कर्सियांगला तीन, इथे तीन. दिदीकडे वरण-भात आणि इस्कुसची भाजी मिळते, दुधीच्या वळणाची, आईला चालेल. होळीनंतर निघू, मळ्यात नवा पाला तेव्हाच येतो. दिवस ठरवताना वार बघा, गुरुवारी गोरुमारा बंद असतं.

आणि कानाचं मशीन कपाटात नको, कानात हवं. तो वाळूवाला तुमच्याशी बोलणार आहे.

तुमची,
बेबी